चून-भाकर घरची, प्लेट हॉटेलातली



आपल्या वस्त्यांमध्ये महिन्याचा जमाखर्च वहीत लिहून ठेवणारी घरे थोडी. ज्या घरांत वही आहे तिथेही एक खाते मला कधी दिसलेले नाही, ते म्हणजे "बाहेरचे खाणे". किराणा लिहिलेला असतो, दूध असते, सिलिंडर असते, भिशीचा हप्ता असतो, मुलांची फी असते. पण चौकातला चहा, टपरीवरचा आलूबोंडा, स्टँडवरची कचोरी, शनिवारी संध्याकाळी मित्रांसोबत "बसणे", यातले काहीही वहीत येत नाही. आणि घरातली बाई एखाद्या दिवशी म्हणाली, की चला, सगळे मिळून हॉटेलात जेवून येऊ, तर तो खर्च मात्र एकदम डोळ्यात भरतो. आपल्याला परवडते का, हा प्रश्न नेमका त्याच दिवशी निघतो.

मी कारकून माणूस. बी.कॉम. झालो आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या बेरजा तपासणे हाच धंदा. तेव्हा एक साधी बेरीज मांडतो. कामावर जाणारा आपला माणूस, मग तो बांधकामावर जाणारा असो, एमआयडीसीत असो की एखाद्या कार्यालयात शिपाई असो, दिवसाला दोन चहा आणि एक नाश्ता बाहेर घेतो असे धरा. चहा १० रुपयांचा, पोह्याची किंवा आलूबोंड्याची प्लेट २५ रुपयांची. रोजचे झाले ४५ रुपये. महिन्यात कामाचे दिवस २६, म्हणजे १,१७० रुपये. यात खर्रा धरलेला नाही. तो धरला तर आकडा या कुटुंबाच्या पानावर छापण्यासारखा राहत नाही. आता पाच जणांचे घर महिन्यातून एकदा एखाद्या साध्या हॉटेलात गेले, दोन भाज्या, एक डाळ, पोळ्या, भात आणि पोरांसाठी एखादी गोड वस्तू घेतली, तर सहाशे ते आठशेच्या आसपास बिल होते. अकराशे सत्तर कोणाला दिसत नाहीत आणि सातशे सगळ्यांना दिसतात, हे काही गणित नव्हे.

माणसाचा चहा बंद करा असे माझे म्हणणे नाही. सकाळी आठला डबा घेऊन निघालेला, उन्हात विटा वाहणारा माणूस अकरा वाजता चहा पिणारच, आणि त्याने तो प्यावाच. म्हणणे एवढेच, की बाहेर खाणे हे घराचे खाते आहे, एकट्या कमावत्याचे नाही. शिवाय आता पुष्कळ घरांत बाईही कमावते. तिला मात्र दोन घरची धुणीभांडी करून आल्यावर पुन्हा स्वतःच्या घरच्या चुलीपुढे उभे राहावे लागते.

हे वाचून काही जुने कार्यकर्ते रागावतील. समाज कर्जात बुडतो आहे आणि हा गृहस्थ हॉटेलात जायला सांगतो! ते गाडगेबाबांचा दाखला देतील. बाबा आपल्याच जिल्ह्यातले. १८७६ साली शेंडगावला जन्मले आणि बाबासाहेबांच्या पाठोपाठ चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ गेले. ताट नसले तर हातावर भाकर घेऊन खा पण पोरांना शिकवा, असे ते कीर्तनातून गावोगाव सांगत फिरले. ते खरेच आहे, आणि ज्या घराला फी आणि जेवण यांतून एकच निवडायचे आहे त्या घराला ते आजही लागू आहे. त्या घराला मी हॉटेल सांगत नाही. पण ज्या घरातले हजार-बाराशे दर महिन्याला चौकात जातात, ज्या घरी पोराच्या वाढदिवसाला डीजे लागतो, त्या घरच्या बाईला गाडगेबाबांची भाकर दाखवून गप्प करणे ही लबाडी आहे.

हॉटेलात बसून खाणे ही इतर लोकांसाठी हौस असेल. आपल्यासाठी तो हक्काचा प्रश्न होता, आणि तो हक्क सहजासहजी मिळालेला नाही. १९०१ साली लहानगा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला साताऱ्याहून गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनावर उतरले, न्यायला कोणी आलेले नव्हते. मोठ्या मिनतवारीने बैलगाडी मिळाली. सोबत डबा होता, डब्यात भरपूर अन्न होते, पोटात भूक होती. पण जात कळल्यावर वाटेत कोणी पाणी देईना. आणि पाण्यावाचून जेवायचे कसे? पोरे अन्न उशाला ठेवून उपाशी झोपली. बाबासाहेबांनी ही हकीगत पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. आपल्यातल्या शिकलेल्या मुलामुलींनी ती घरातल्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवावी. त्यांना ती नवी वाटणार नाही.

कारण वऱ्हाडातही हेच होते. माझे आजोबा दर्यापूर तालुक्यातले. आठवडी बाजाराच्या दिवशी चहाच्या हॉटेलाबाहेर, वळचणीला, आपल्या लोकांसाठी वेगळ्या कपबशा ठेवलेल्या असत. आपण कप उचलायचा, हॉटेलवाला वरून चहा ओतणार, आपण बाहेर उकिडवे बसून प्यायचा, कप धुऊन परत वळचणीला ठेवायचा आणि पैसे त्याच्या हातात न देता फळीवर टाकायचे. आजोबा म्हणत, "चहा गोडच राहे, पन गयाखाली उतरे नाही." चहाचे पैसे मात्र इतरांइतकेच घेतले जात. त्यात सूट नव्हती.

कोल्हापूरची गोष्ट तर शाळेतल्या पोरांनाही माहीत असायला हवी. गंगाराम कांबळे नावाच्या नोकराने पाण्याला हात लावला म्हणून त्याला मारहाण झाली. शाहू महाराजांना कळले तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना तर शिक्षा केलीच, पण गंगारामला पैसे देऊन भर वस्तीत चहाचे हॉटेल काढायला लावले. सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी तिथे उभी करून चहा मागवू लागले, आणि सोबतच्या मोठमोठ्या मंडळींनाही पाजू लागले. राजा पितो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? सुधारणेवर महिनाभर भाषणे करण्यापेक्षा महाराजांनी चहाचा एक कप हातात घेतला.

आपल्या अमरावतीत नोव्हेंबर १९२७ मध्ये, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर, इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. देवळाचे आज आपल्याला काही नाही, आपला मार्ग वेगळा झाला. पण पाणी आणि ताट यांचे काय? ते संविधानात आले. कलम १५ च्या दुसऱ्या भागात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले ही नावे घेऊन सांगितले आहे, की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही तिथे अडवता येणार नाही. पुढे १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा आला. १९७६ मध्ये त्यालाच नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव मिळाले. त्यात हॉटेलात ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा धरला आहे. भांड्यांचा उल्लेख कायद्यात मुद्दाम करावा लागला, यावरून वळचणीची ती कपबशी किती गावांत होती याची कल्पना यावी.

कोणी म्हणेल, हे सगळे जुने झाले. बरेचसे झालेही आहे. आज राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या गांधी रोडवर कोणी जात विचारून प्लेट देत नाही. पण १९९९ साली मी खेड्यातून कॉलेजसाठी शहरात आलो, तेव्हा महिन्याच्या खानावळीत नाव लिहायला गेलो होतो. मालकाने आडनाव विचारले आणि जागा भरल्या असे सांगितले. त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या वर्गातल्या, वेगळ्या आडनावाच्या मित्राला तिथेच जागा मिळाली. मग आम्ही तिघांनी खोलीवर स्टोव्ह आणला आणि तीन वर्षे चून-भात करून काढली. चून मला चांगले येते ते त्यामुळे. वसतिगृहात नंबर न लागलेल्या आपल्या मुलांना आता जेवणाखाण्यासाठी आणि राहण्यासाठी शासनाची स्वाधार योजना आहे. २०१६-१७ पासून ती चालू झाली आणि तिला बाबासाहेबांचेच नाव आहे. घरात अकरावीच्या पुढे शिकणारे पोर बाहेरगावी असेल, तर समाजकल्याणच्या कार्यालयात चौकशी करावी.

म्हणून आपल्या साठी-सत्तरीच्या बाया हॉटेलात यायला नाही म्हणतात, तेव्हा ती नुसती काटकसर नसते. उत्तर ठरलेले असते: "मले काय कराचं हाटेलात? तुमी जा पोरायले घेऊन. मी घरी चून टाकतो अन् खातो." त्या "मले काय कराचं"मध्ये बाजारातली ती वळचण आहे. सुनेने किंवा नातवाने एकदा तरी हात धरून न्यावे. आणि न्यायचे तर कोपऱ्यात, पंख्याखाली, बाथरूमजवळच्या टेबलावर नाही, मधल्या टेबलावर बसवावे.

बरे, बाई हॉटेलात आली म्हणजे जेवली असे होत नाही. मी पुष्कळ कुटुंबे पाहिली आहेत. ती कडेला बसते, लहानग्याला मांडीवर घेते, वाढप्याच्या हातातला डाव घेऊन स्वतःच सगळ्यांना वाढायला लागते, नवऱ्याच्या ताटातली पोळी संपली का ते पाहते, आणि शेवटी सगळ्यांच्या ताटातले उरलेले एकात गोळा करून प्लेटा एकावर एक रचून ठेवते. वाढपी उभा राहून बघतो. असे जेवायचे असेल तर सातशे रुपये वाचवा आणि घरीच खा. हॉटेलात वाढण्याचा पगार वाढप्याला मिळतो, त्याला त्याचे काम करू द्यावे. काय मागवायचे ते आधी तिला विचारावे. "काही पण चालेल" असे ती म्हणेल. तीन वेळा विचारावे, चौथ्या वेळेस ती सांगते. लहानग्याला त्या दिवशी बापाने मांडीवर घ्यावे.

मेनू कार्ड पोरांच्या हातात द्यावे. ते बहुधा इंग्रजीत असते, स्पेलिंगही चुकलेले असते, पण पाचवी-सहावीचे पोर ते मोठ्याने वाचते आणि आजीला समजावून सांगते, हे पाहण्यासारखे असते. उजव्या बाजूचे भाव मात्र आपण वाचावेत. हाफ प्लेट मिळते का, हे विचारण्यात कसलीही लाज नाही. मटण हॉटेलात खाऊ नये, हे माझे स्वतःचे मत. रविवारचे मटण घरच्या पाट्यावरच्या मसाल्यात होते तसे कुठेच होत नाही, आणि हॉटेलातल्या प्लेटीत तुकडे मोजायला लागतात. बाहेर जायचेच तर जे घरी होत नाही ते खावे. मग ते डोसा असो, पनीर असो, नाहीतर आपल्या अमरावतीचा गिला वडा असो. शेगावची कचोरी तर ६ डिसेंबरला मुंबईला जाणाऱ्या आपल्या प्रत्येक माणसाने गाडीच्या खिडकीतून घेतलेली आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी १९५० च्या सुमारास शेगाव स्टेशनावर ती विकायला सुरुवात केली. घरदार सोडून आलेल्या माणसाची ती कचोरी आहे, हे खाताना पुष्कळांना ठाऊक नसते.

आता बिल. हा माझ्या धंद्याचा विषय, म्हणून जरा थांबतो. साध्या हॉटेलातल्या जेवणावर जीएसटी ५ टक्के आहे. बिलावर तो अडीच-अडीच असा दोन ओळींत दिसतो. २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या लहान हॉटेलवाल्याला नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसेल तर तो जीएसटी लावू शकत नाही. ज्याने कंपोझिशन योजना घेतली आहे, त्यालाही गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. म्हणजे बिलावर जीएसटीचा आकडा आहे पण जीएसटीचा नंबर नाही, तर विचारायचे. दुसरी ओळ सर्व्हिस चार्जची. ती सरकारचा कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले, की हॉटेलाने तो आपोआप बिलात धरू नये, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. काढायला सांगितले तर काढावा लागतो. नाही काढला तर १९१५ या नंबरवर तक्रार होते. जानेवारी २०२२ पासून बिलावर अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबरही छापावा लागतो. हे सगळे भांडण करून विचारायचे नाही. "भाऊ, हे कशाचे लावले?" एवढे शांतपणे विचारले की निम्म्या वेळा तो स्वतःच खोडतो.

एवढे हॉटेलाचे झाले. पण महिन्यातले बाकीचे एकोणतीस दिवस घरीच जेवायचे असते, आणि तिथे मला वेगळीच गोष्ट खटकते. आपली पोरे डब्यात भाकर न्यायला लाजतात. बिस्किट, चिप्स, दोन मिनिटांच्या शेवया हे चालते. दहा रुपयांच्या चिप्सच्या पुडीवर वजन वाचून बघा. वीस-बावीस ग्रॅमच्या आसपास माल निघतो, म्हणजे किलोला साडेचारशे ते पाचशे रुपये भाव पडला. त्याच्या कितीतरी कमी भावात किलोभर फुटाणे येतात.

आणि गंमत अशी, की ज्या भाकरीची पोराला लाज वाटते तीच भाकर हायवेवरच्या हॉटेलात "वऱ्हाडी थाळी" म्हणून मातीच्या ताटलीत येते. चून, ठेचा, कांदा, वांग्याची भाजी, आणि भाकरीचा भाव पोळीपेक्षा जास्त. लोक गाडीतून उतरून फोटो काढतात. सरकारनेही भाकर वापरून पाहिली. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर केंद्रे निघाली. त्या अनेक केंद्रांची पुढे वडापावची दुकाने झाली. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन आले, दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. कोरोनाच्या काळात तेच पाच रुपयांत मिळाले, आणि त्या दिवसांत आपल्या किती मजुरांनी त्यावर दिवस काढले हे मी स्वतः रांगेत उभे राहून मोजले आहे. त्या थाळीत भाकर नव्हती, पोळी होती. शहरात भाकर थापणारे हात कमी झाले आणि ज्वारीही स्वस्त राहिली नाही. वऱ्हाडात एके काळी ज्वारी हेच खाणे होते. शेतात आता कापूस आणि सोयाबीन आहे, रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ, ज्वारी कधीमधी. गरिबाची म्हणून जी भाकर ओळखली गेली ती विकत घ्यायला आता गरिबालाच विचार करावा लागतो.

आपल्या खाण्यावर लिहिलेलेही फार थोडे. पाककृतींची पुस्तके पुष्कळ, पण त्यांत आपले ताट नसते. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली "अन्न हे अपूर्णब्रह्म" हे पुस्तक लिहिले, मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्यावर. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही आले. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, हे बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला सांगितले आणि आपल्या वाडवडिलांनी ते ऐकले. पण ते खावे का लागत होते, कोणी खायला लावले, हे नातवंडांना कळले पाहिजे. वऱ्हाडच्या आपल्या बायांचे ताट असेच कोणी लिहून ठेवायला हवे. पहिल्या पावसानंतरचा तरोटा, उन्हाळ्यातली चिवळ, अंबाडीची भाजी कण्या घालून, जवसाची चटणी, ताकातल्या कण्या, दीक्षाभूमीला निघताना फडक्यात बांधलेल्या दशम्या. या भाज्यांची नावेसुद्धा शहरातल्या पोरांना येत नाहीत.

चुनाचे प्रमाण विचारणाऱ्या नव्या सुना आणि नवी मुले (होय, मुलेही) असतात, म्हणून देतो. पाच जणांना पातळ चून करायचे तर बेसन दीड वाटी, पाणी साडेपाच-सहा वाट्या. तेल पळीभर तापवावे, मोहरी-जिरे तडतडले की आठ-दहा लसूण पाकळ्या आणि पाच-सहा हिरव्या मिरच्या ठेचून टाकाव्यात. मग दोन कांदे, हळद, आणि त्यावर चार वाट्या पाणी व मीठ. बेसन उरलेल्या थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवून घ्यावे आणि पाण्याला उकळी आली की एका हाताने ओतत, दुसऱ्या हाताने ढवळत जावे. मंद आचेवर झाकण ठेवून सात-आठ मिनिटे. कच्च्या बेसनाचा वास गेला की झाले. वरून सांभार. कोरडे हवे असेल तर दीड वाटी बेसनाला दोन वाट्यांच्या आतच पाणी. भाकरीसाठी पीठ ताजे लागते, आठ-दहा दिवसांच्या वर ठेवले की चिकटपणा जातो आणि भाकर थापताना कडा फाटतात. तसे झाले तर उकळत्या पाण्यात पीठ मळावे, भाकर धरते. शंभर ग्रॅम बेसनात वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. पाच माणसांचे हे जेवण आज शंभर रुपयांच्या आत होते.

आणि हॉटेल नको, घरही नको असे वाटले तर वऱ्हाडी माणसाला तिसरी वाट आहेच, रोडग्यांची. पूर्वी रोडगे नवसाचे असत. नवस आपण सोडले, रोडगे सोडायचे कारण नाही. हिवाळ्यातला एखादा रविवार धरावा, कोणाच्या तरी शेतात किंवा मोकळ्या जागेत चार घरांनी मिळून जावे. हा स्वयंपाक वऱ्हाडात बाप्यांचाच, तेव्हा त्या दिवशी बायांनी झाडाखाली बसावे. गहू जाडसर दळून आणावा, त्यात मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन घालून घट्ट मळावा. लहान पाऱ्या लाटून, मध्ये तेल लावत तीन-चार एकावर एक ठेवाव्यात आणि वरच्या मोठ्या पारीत बंद करून गोळा करावा. गोवऱ्या पेटवून धूर संपू द्यावा, निखारे झाले की त्यांत गोळे पुरावेत. पाऊण-एक तास लागतो, मधून उलटावे. तोवर दुसऱ्या चुलीवर वांग्याची भाजी आणि तुरीचे वरण. रोडगा फडक्यात धरून राख झटकावी, फोडावा, वर तूप, नसले तर फल्लीचे तेल. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या बाजूला जाणार असाल तर पाण्याची कॅन घरूनच न्यावी. म्हातारी माणसे सांगतात, तिथल्या विहिरीच्या खाऱ्या पाण्यात डाळ कितीही वेळ ठेवली तरी शिजत नाही, आणि वरणाविना रोडगा घशाखाली उतरत नाही.